फ्रान्स : बगेत-क्रोसाँच्या पुढे कुठे काय खावं?

कोजागिरी
सप्टेंबरमध्ये फ्रान्सला जायचं नक्की झालंय. मी, नवरा आणि सासू-सासरे. पॅरिसात थोडंच थांबणार, मग रेन आणि सां-मालो, तिथून बोर्दो, तुलूज आणि शेवटी नीस. काय काय बघायचं ते नवऱ्याने हातात घेतलंय, खाण्याचं खातं माझ्याकडे. आणि नेटवर शोधायला गेलं की जिथे तिथे पॅरिसमधल्या त्याच पाच-सहा दुकानांची नावं, त्याच रांगा, तेच फोटो. क्रोसाँ आता कोथरूडमध्येही मिळतो हो. एवढ्या लांब जाऊन मला त्या त्या गावातली माणसं रोज जे खातात ते खायचंय.

तर चांगली बेकरी कशी ओळखायची, कुठल्या भागात काय चुकवू नये, आणि सासूबाई अंडं अजिबात खात नाहीत (मांसमच्छी चौघांपैकी कोणीच नाही) तर त्यांना कोरड्या पावाशिवाय काही मिळेल का? तिथे राहणारे आणि राहून आलेले, भरभरून लिहा.

चकली
वाचतेय. ठेपले घेऊन जा असा प्रतिसाद देणाऱ्याला पहिल्या पानावरच दंड लावण्यात यावा :)

स्वरा ल्यों
मी ल्योंमध्ये राहते, इथला बेकरीचा कोर्स (सीएपी) करून आता एका बेकरीत पहाटेच्या पाळीला असते, त्यामुळे पहिला प्रश्न माझा.

पाटीवर 'बुलाँजरी' लिहिलंय का ते आधी बघा. १९९८ च्या कायद्याने हा शब्द त्याच दुकानाला लावता येतो जिथे पाव तिथल्या तिथे मळला, वळला आणि भाजला जातो, आणि कुठल्याच टप्प्यावर फ्रीझ केला जात नाही. नुसतं 'पाँ शो' म्हणजे गरम पाव वगैरे लिहिलं असेल तर तिथे कारखान्यातून आलेला गोठवलेला पाव नुसता भाजून विकत असतील.

आत गेल्यावर नुसतं 'बगेत' (लांब दांड्यासारखा पाव) मागू नका, 'त्रादिस्यों' मागा. १९९३ च्या सप्टेंबरमधला सरकारी आदेश आहे, 'पाँ द त्रादिस्यों फ्राँसेझ' या नावाने विकायच्या पावात गव्हाचं पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण एवढंच हवं, रसायनं बंद, फ्रीझिंग बंद. बाकलीचं (फावा घेवड्याचं) पीठ, सोया पीठ, माल्ट हे अगदी चिमटीभर चालतं आणि तेही किती टक्के ते ठरवून दिलंय. साध्या बगेतपेक्षा थोडे सेंट जास्त पडतात, पण चवीत जमीन-अस्मानाचा फरक.

आणि पाव हातात आला की उलटा करून बुड बघा. बुडाला बारीक बारीक ठिपक्यांची जाळी उमटलेली असेल तर तो जाळीच्या ट्रेवर भाजलाय, कारखान्याच्या मालाची ही नेहमीची खूण. भट्टीच्या लादीवर थेट भाजलेल्या पावाचं बुड सपाट, किंचित पिठाळ असतं. वरचा चिरा उघडून त्याची कड करकरीत वर आलेली दिसली पाहिजे, तिला 'ग्रिन्य' म्हणतात. आतला गर पांढराफटक नको, सायीच्या रंगाचा हवा, भोकं लहानमोठी.

आता क्रोसाँ. वरचा कायदा फक्त पावाला लागू आहे! पाव स्वतः करणारी बुलाँजरी क्रोसाँ गोठवलेले आणून भाजत असली तरी कायद्याने तिला काहीही होत नाही. म्हणून काचेमागे सगळे क्रोसाँ एका मापाचे, एकसारखे चकचकीत दिसले की सरळ विचारा, 'इथे केलेत का?' जो करतो तो अभिमानाने सांगतो.

अण्णा वाईकर
स्वराताई, हे शेवटचं फारच धक्कादायक आहे. म्हणजे एवढा नावाजलेला क्रोसाँ आणि त्यालाच संरक्षण नाही?

स्वरा ल्यों
नाही ना काका. आणि त्यामागे कष्ट आहेत. क्रोसाँच्या पिठात लोण्याची चौकोनी लादी घालून लाटायचं, तीन पदरी घडी, थंड करायचं, परत लाटायचं, परत घडी. तीन वेळा तीन पदरी म्हणजे लोण्याचे २७ पदर. लोणीही साधं नाही, ८४ टक्के स्निग्धांशाचं कोरडं लोणी लागतं, साधं ८२ वालं लवकर पाघळतं आणि पदर एकमेकांत मिसळतात. एवढं करायला माणूस लागतो, जागा लागते, आणि गिऱ्हाईक भाव वाढला की कुरकुरतं. गोठवलेला खोका उघडणं सोपं पडतं. म्हणून जे अजून हाताने करतात त्यांच्याकडून घ्या हीच विनंती.

कोजागिरी, क्रोसाँच्या पिठात बहुतेक ठिकाणी अंडं नसतं पण वरची चकाकी अंड्याची असते. सासूबाईंना तो बाद.

रेनवासी निखिल
ब्रतान्यला (रेन, सां-मालो याच प्रांतात) येताय, उत्तम केलंत. इथे मुळात बगेत आणि क्रोसाँ हा विषयच दुय्यम आहे, इथलं राज्य गालेतचं. गालेत म्हणजे ब्ले न्वार, आपल्याकडे उत्तरेत उपासाला खातात त्या कुट्टूच्या पिठाचा पातळ डोसा, 'बिलिग' नावाच्या गोल लोखंडी तव्यावर. लाकडी दांडीच्या टोकाला आडवी पट्टी असते, 'रोझेल', तिने पीठ एका हातात गरकन फिरवतात. या भागातली जमीन आम्ल आणि नापीक, गहू नीट येत नव्हता, कुट्टू येत होता, म्हणून गरिबाचं हे रोजचं जेवण झालं. जुन्या पद्धतीचं पीठ म्हणजे कुट्टू, पाणी, मीठ संपलं. पण काही ठिकाणी अंडं फोडतात तेव्हा विचारून घ्या. 'कोंप्लेत' मागू नका, त्यात अंडं, हॅम, चीज तिन्ही असतं. नुसती लोण्याची गालेत मागा, 'गालेत बर'. कडा जाळीदार कुरकुरीत, मध्ये खारं लोणी वितळतंय, सोबत मातीच्या वाटीत सफरचंदाची सिद्र. सासरेबुवा खूश होतील. (सिद्रमध्ये दारू असते, थोडी का होईना, सांगून ठेवतो.)

हे 'क्रेप'पेक्षा वेगळं. क्रेप गव्हाच्या पिठाचा, गोड, त्यात अंडं असतंच.

खारं लोणी इथलंच का, तर जुन्या राजवटीत फ्रान्समध्ये मिठावर 'गाबेल' नावाचा जबर कर होता, ब्रतान्यला तो माफ होता. बाकीच्या प्रांतांत मीठ महाग म्हणून लोणी बिनमिठाचं, आणि इथे मीठ स्वस्त, मिठागरं दाराशी, म्हणून लोण्यात मीठ. कर १७९० मध्ये गेला, सवय गेली नाही. अजूनही इथल्या घरात बिनमिठाचं लोणी काढलंत तर यजमान काळजीने तब्येत विचारतात :)

आणि सासूबाईंसाठी खास : क्विन्यमान! दुआर्नने या बंदराच्या गावी १८६० च्या सुमारास जन्मलेला पदार्थ. पावाचंच आंबवलेलं पीठ, त्यात खारं लोणी आणि साखर अक्षरशः ढीगभर, घड्या घालून भाजतात, साखर तळाशी वितळून कॅरॅमल होते. मूळ कृतीत अंडं नाही. वरून काही लावलंय का तेवढं विचारा. कोमट असताना खा, आणि एक चौघांत पुरेल असं समजून घ्या, फार जड असतो.

चकली
निखिल, रात्री अकरा वाजता हे वाचायला लावल्याबद्दल निषेध. घरात अमूल बटर आणि शिळी पोळी आहे, त्याच्यावर साखर पेरून खातेय.

दोन चाकं
ब्रतान्यचा विषय निघालाय तर राहवत नाही. पारी-ब्रेस्त-पारी (पॅरिसहून ब्रतान्यमधल्या ब्रेस्तला जाऊन परत) ही सायकलची राईड आमच्यातल्या बऱ्याच जणांनी केली आहे, पुण्या-मुंबई-नाशिकचा भरणा असतो. १२०० किलोमीटर, ९० तासांची मुदत, दर चार वर्षांनी. स्पर्धा म्हणून सुरू झाली १८९१ मध्ये. तर या रस्त्यावर रात्री दोन वाजता, कुठल्या तरी खेड्यात, घरासमोर टेबल टाकून म्हाताऱ्या बाया-पुरुष बसलेले असतात. कॉफी, क्रेप, घरचा केक, पैसे घेत नाहीत. एका आजींनी माझे हातमोजे काढून गरम वाटी हातात दिली, भाषा एकमेकांची शून्य, तरी खांद्यावर थापटून सायकलवर परत बसवलं. फ्रेंच खाणं म्हटलं की मला त्या आजी आठवतात, आयफेल टॉवर नाही.

याच शर्यतीवरून पारी-ब्रेस्त ही पेस्ट्री आहे. १९१० मध्ये पॅरिसजवळच्या मेझों-लाफितच्या लुई द्युराँ नावाच्या हलवायाने चाकाच्या आकाराची केली, मध्ये प्रालिन म्हणजे भाजलेल्या बदाम-हेझलनटच्या क्रीमचं सारण. अंडं आहे, पण बाकी तिघांनी खायलाच हवी.

खादाड बोका
सगळ्यांचा मान राखून वेगळं मत मांडतो. बगेतचं जरा जास्तच कौतुक चाललंय. २०२२ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली म्हणून ती प्राचीन होत नाही. बगेत हा शहराचा आणि विसाव्या शतकाचा पाव, सकाळी घ्या, संध्याकाळी दगड. खेड्यापाड्यातला खरा जुना पाव म्हणजे मोठा गोल मिश, आंबवणाचा, काळसर, आठवडाभर टिकणारा. पॅरिसात पुआलानच्या दुकानात अजून करतात, रु द्यु शेर्श-मिदीवर, १९३२ पासून, जवळजवळ दोन किलोचा एक, पाव हवा तेवढा कापूनही देतात. ओव्हेर्न्यात राईचा काळा 'तुर्त'. आणि आल्प्समधल्या व्हिलार-दारेन गावात तर राईच्या पिठात उकळतं पाणी ओतून केलेला पाव वर्षातून एकदाच, सगळ्या गावाने मिळून सार्वजनिक भट्टीत भाजायची रीत. जळण कमी, म्हणून वर्षाचा पाव एकदम. पावाचा इतिहास बघायचा तर तिकडे बघा.

स्वरा ल्यों
बोका, मिशबद्दल सहमत, बगेतबद्दल नाही. संध्याकाळी कडक होते याचं कारण तिच्यात तूप-तेल-साखर काहीच नाही आणि पाठ जास्त, पोट कमी. पण म्हणूनच माणूस दिवसातून दोनदा बेकरीत जातो, दोन शब्द बोलतो. आमच्या दुकानात एक आजोबा रोज अर्धी बगेत नेतात. एकटेच राहतात, अर्धीच लागते, आणि आम्ही अर्धी कापून देतो, कायम. मिश आणली असती तर आठवड्यात एकदाच आले असते.

आणि बगेत वाईट का झाली होती तेही सांगायला हवं. १९५० च्या दशकापासून वेगवान यंत्राने पीठ खूप वेळ घुसळायची पद्धत आली, पाव फुगायचा भरपूर, दिसायचा पांढराशुभ्र, पण पिठातली पिवळसर द्रव्यं हवेने विटून चव पार गेली. रेमों काल्वेल नावाचे पावाचे प्राध्यापक होते, त्यांनी यावर आयुष्यभर झोड उठवली. पीठ-पाणी नुसतं कालवून यीस्ट-मिठाआधी झाकून ठेवायचं, म्हणजे कमी मळून काम होतं, ती 'ओतोलीझ'ची पद्धत त्यांचीच. आजची त्रादिस्यों मिळते ती अशा लोकांच्या हट्टामुळे. मला याबद्दल फार वाटतं, म्हणून लांबलं.

खादाड बोका
अर्ध्या बगेतवाल्या आजोबांसाठी तलवार म्यान करतो :) पण मिश खाऊन बघाच सगळ्यांनी.

अनघा_नाँत
माझ्या फ्रेंच सासरी पाव टेबलावर उलटा ठेवला की सासूबाई बोलता बोलता हात लांब करून तो सुलटा करतात, विषय न तोडता. पूर्वी फाशी देणाऱ्याचा पाव बेकरीत उलटा ठेवत असत म्हणून अशुभ, असं सांगतात. आणि त्यांच्या आई नवा मिश कापायच्या आधी त्याच्या पाठीवर सुरीच्या टोकाने क्रूस काढायच्या. कोजागिरी, कोणाच्या घरी जेवायला गेलात तर एवढं लक्षात ठेवा. पाव ताटाच्या शेजारी थेट टेबलावर ठेवायचा आणि हाताने तोडायचा.

तुलूजकर
आमच्या गावी स्वागत. पहिली सूचना : इथे 'पाँ ओ शोकोला' (क्रोसाँच्याच पिठाचा, आत चॉकलेट असलेला) मागू नये, 'शोकोलातीन' म्हणावं. वाद घालू नये. संसदेपर्यंत जाऊन आलाय विषय, २०१८ मध्ये.

बोर्दोला कानले. बाहेरून जवळजवळ काळा, कडक, आत मऊ, रम आणि व्हॅनिला. तांब्याच्या नक्षीदार साच्याला आतून मधमाश्यांचं मेण लावून भाजतात म्हणून ती कात येते. अंडं आहे. बास्क भागात गातो बास्क, इत्झासूच्या काळ्या चेरीच्या जॅमचा, त्यातही अंडं.

तुलूजची ओळख कासुले, पांढरे घेवडे आणि बदक-डुकराचं मांस, तेव्हा तुम्हाला बाद. पण आलिगो शोधा! उत्तरेला ओब्राकच्या पठारावरचा पदार्थ. उकडलेला बटाटा, ताजं 'तोम' चीज, लोणी, क्रीम, लसूण, आणि लाकडी डावाने एकाच दिशेने घोटत राहायचं. तार सुटली की डाव डोक्याच्या वर नेतात तरी तुटत नाही. बाजारात मोठ्या कढईत घोटणारा माणूस दिसला की सासूबाईंना समोर उभं करा. सॉसेजशिवाय हवं म्हणून सांगायचं.

बोर्दो-तुलूज गाडी आजाँवरून जाते, तिथल्या सुक्या आलुबुखारचं नाव आहे. घरी आणायला उत्तम, टिकतात.

अण्णा वाईकर
एक शंका. आलिगोमध्ये चीज आहे. तिकडच्या चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध फाडून चीज धरायचा पदार्थ) असतं असं वाचलंय. शाकाहारी माणसाने काय करायचं?

तुलूजकर
बरोबर विचारलंत काका. पारंपरिक फ्रेंच चीजमध्ये असतंच. रोकफोर, कोंते, कामाँबेर द नोर्मांदी ही एओपी (मूळ प्रदेशाच्या नावाचं संरक्षण) शिक्क्याची सगळी, त्यांच्या नियमातच प्राणिज रेनेट आहे. सुपरमार्केटच्या पाकिटावर घटकांत 'प्रेझ्यूर' असेल तर प्राणिज, 'कोआग्युलाँ' लिहिलं असेल तर सहसा सूक्ष्मजीवांपासूनचं. हॉटेलात कळायचा मार्ग नाही.

कोजागिरी
हे बरं झालं कळलं. सासूबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या मग चीज नकोच, लोणी-पाव आणि ते क्विन्यमान काय ते पुरेल. सासरे म्हणाले मला सगळं चालेल.

चकली
सासऱ्यांना +१०००

माधवी नीस
नीसची बाजू मी सांभाळते आणि इथे सासूबाईंना घरच्यासारखंच वाटेल. सोका! बेसन, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. बस. दीड-दोन हात रुंदीच्या तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत, वरून ठिकठिकाणी करपेपर्यंत. उलथन्याने खरवडून कागदावर तुकडे देतात, वर भरपूर मिरपूड. माझी आई आली होती, पहिला घास घेऊन म्हणाली, 'अगं हे तर आपलं धिरडं, कांदा विसरलेत फक्त.' गरमच खायचं, दहा मिनिटांत मजा जाते. जुन्या नीसमध्ये गल्लीत मिळतं. कुर सालेयाचा बाजार सोमवारी नसतो, सोमवारी तिथे जुन्या वस्तू मांडतात, तेव्हा तो दिवस टाळा.

पिसालादियेर नावाचा कांद्याचा पाव दिसेल, कांदा दोन-दोन तास मंद परतलेला, वास वेड लावतो, पण त्यात अँचोव्ही मासे असतात. फुगास घ्या, पानाच्या आकाराचा चिरा दिलेला पाव, ऑलिव्हवाला. त्याचाही लार्दों म्हणजे डुकराच्या चरबीदार मांसाचे तुकडे घातलेला प्रकार असतो, बोट दाखवून विचारा.

पिंपळपान
विषयांतर होतंय पण गोव्याचा पोई आठवला. तोही लाकडाच्या भट्टीत, कोंडा लावलेला. त्याचा या फ्रेंच पावाशी काही संबंध?

खादाड बोका
नाही, तो वारसा पोर्तुगीजांचा. आपल्याकडे फ्रेंच धागा शोधायचा तर पुदुच्चेरीला, तिथे बगेत अजून मिळते. पोईवर स्वतंत्र धागा काढा, मी येतो.

गव्हाची लोंबी
स्वराताई, मी सातारा रोडला राहते, घरी बगेत करते. थंडीत छान होते, एप्रिल-मेमध्ये पीठ हातात धरवत नाही, सैल पडतं, आंबट होतं. पीठ बदलू का?

स्वरा ल्यों
पीठ नको, पाणी बदल. इथे प्रत्येक बेकरीत 'तांपेरात्यूर द बाझ' असते. खोलीचं, पिठाचं आणि पाण्याचं तापमान यांची बेरीज ठरावीक यायला हवी, समज ६०. इथे खोली २२, पीठ २१, मग पाणी १७ घेतो. तुझ्याकडे मेमध्ये खोली ३२, पीठ ३१, म्हणजे पाणी उणे तीन! म्हणून बर्फाचा चुरा घाल आणि पीठ रात्री फ्रीजमध्ये ठेव. मळून झालं की पीठ २४ अंशांच्या आसपास हवं, स्वयंपाकघरातला थर्मामीटर खुपसून बघ. १०० भाग पिठाला ६८ भाग पाणी, १.८ भाग मीठ, यीस्ट अगदी कमी, आणि वळायच्या आधी रात्रभर फ्रीज. मैद्याच्या पाकिटावर प्रोटीन ११ च्या वर असेल ते घे. ओव्हन २५० वर चांगला अर्धा तास तापव, पाव आत टाकताना खालच्या ट्रेमध्ये उकळतं पाणी ओत, वाफ नसेल तर चिरा उघडत नाही.

गव्हाची लोंबी
बेरजेचं गणित कुणी सांगितलंच नव्हतं! उद्याच करते.

स्ट्रासबुर्गची सई
आमचा आल्सास कुणाच्याच यादीत नाही, दुःख झालं. फ्लामकूश ही पावाच्या आधी भट्टी किती तापलीये ते बघायला टाकायची पातळ पोळी होती, वर क्रीम, कांदा आणि लार्दों. लार्दों वगळून कांदा-मशरूमची मिळते. कुगलोफ सुफ्लेनहाइमच्या कुंभारांच्या मातीच्या साच्यात होतो, बदाम, बेदाणे, पण अंडं आहे. पुढच्या वेळी इकडे या.

कोजागिरी
सई, नक्की. सगळ्यांचे प्रतिसाद वहीत उतरवलेत, नवरा म्हणतो त्याच्या यादीतली दोन संग्रहालयं आता कटाप. निखिल, रेनला आम्ही गुरुवारी पोचून शनिवारी सकाळच्या गाडीने निघतोय, चालेल ना? की अजून काही राहिलं?

रेनवासी निखिल
शनिवारी सकाळी निघू नका!! प्लास दे लिसचा बाजार शनिवारीच सकाळी भरतो, फ्रान्समधल्या मोठ्या बाजारांपैकी एक. भाज्या, सफरचंदं, लोण्याचे डोंगर, गालेतच्या गाड्या, समोरासमोर करून देतात. दुपारची गाडी घ्या, दीडपर्यंत आटपतो बाजार.

कोजागिरी
तिकिटं बदलून मिळतात का बघायला बसवलंय त्याला. दुपारी तीननंतरची एक दिसतेय.